प्रतीक्षाधीन गठ्ठा

— नाही हो गोरक्षराव, पुसलेलं नाही, तेच तर मघापासून घसा फोडून सांगतोय! माझ्या हातून कागद पुसला जाणं, फाटणं, गहाळ होणं — शक्यच नाही. मागं तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला तो दुसरा माणूस येऊन गेला, तोही खुर्चीत टेकल्या टेकल्या हेच म्हणाला — काका, तुम्ही डिलीट केलं असणार. असणार! बघितलंस का रे बाबा? नाही. मग असणार कुठून आलं? अहो, उभा जन्म तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढला मी. आधी जामखेडला, मग इथं संगमनेरला. वाळवी, उंदीर, गळकं छप्पर — सगळ्यांशी भांडून कागद राखले. कुणीही यावं, आज्याच्या नावचा फेरफार मागावा, सहादू रेकॉर्डवाला मांडणीत हात घालणार आणि रुमालाची गाठ सोडून कागद पुढ्यात ठेवणार. आणि आता ह्या डबड्यानं — होय, डबडंच म्हणतो मी त्याला — ह्या डबड्यानं माझ्या पोरीची पत्रं गिळली, आणि वर मलाच सांगतात, काका, तुम्हीच काहीतरी केलं असणार. बसा, नीट बसा. ती खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीला लावून घ्या. आणि पायाखाली फोनची वायर आहे, तेवढी सांभाळा, ती निघाली की परत अर्धा दिवस तो किर्र-किर्र-टूं आवाज ऐकत बसावं लागतं.

रविवार असून आलात, उपकार झाले बुवा. लाइट आहे तोवर उरका म्हणजे झालं. — काय? हा आवाज? हा मशीनचा नाही, आमच्या स्वयंपाकघरातला. लंकाबाई, आमची मंडळी. सकाळी विहारात वंदनेला गेली, नेहमीसारखी उशिरा आली — हल्ली दर रविवारी उशीर होतो तिला, बायका गप्पा मारत बसतात — आणि आली ती पदर खोचून थेट कढई चढवून बसली. रवा भाजतेय. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, काई न्हाई, असंच. असंच कुणी एवढं तूप ओततं का? घर कसं दणाणून सोडलंय वासानं! पण मी जास्त विचारत नाही. हल्ली आमचं बोलणं बेताचंच आहे. ते जाऊ द्या, तुमचं चालू द्या. मी मध्ये मध्ये बोलतो त्याचा त्रास होत असेल तर सांगा — नाही ना? हां. बोललं नाही तर माझं डोकं फिरेल.

तर कसं झालं, पहिल्यापासून सांगतो. हे मशीन माझं नव्हेच. यशोधराचं. आमची लेक, एकुलती. राहुरीला शेतकी शिकली, माती हा तिचा विषय, आणि पुढं शिष्यवृत्ती मिळून कॅनडात गेली. जायच्या आधी हे बसवून गेली इथं. म्हणाली, बाबा, फोन परवडणार नाही आपल्याला, पत्र पोचायला पंधरवडा लागतो, आपण मेल लिहीत जाऊ. शेजारी बसवून शिकवलं तिनं मला — हा उंदीर असा धरायचा, इथं टिचकी मारायची, इथं पत्र येतं, इथून जातं. माझी टिचकी चुकायची तर माझ्या हातावर हात ठेवायची. लहानपणी मी तिला अ गिरवायला शिकवला तस्सा. आणि सुरुवातीला इतकं छान चाललं होतं म्हणून सांगू! इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची ती. संध्याकाळी देवळात लोक पोथीला बसतात तसे आम्ही दोघं इथं मशीनपुढं, मी मोठ्यानं वाचायचो, लंकाबाई ऐकायची. तिला लिहिता-वाचता येत नाही ना. तिकडं बर्फ किती पडलं, पोरीनं भाकरी थापून बघितली ती कशी मोडली — मग ही हसायची, पदर तोंडाला लावून. परत वाचा म्हणायची. एकेक पत्र तीन-तीनदा वाचलंय मी. सगळं वाचायचो. म्हणजे — सुरुवातीला सगळं.

आता माझी सवय सांगतो, म्हणजे तुम्हाला माझ्या कामाची पद्धत कळेल, म्हणजे असणार-बिसणार तुम्ही म्हणणार नाही. आमच्याकडं सहा गठ्ठे पद्धत असते. टेबलावर एकही कागद सुटा दिसता कामा नये. ज्यावर काम करायचंय तो प्रलंबित गठ्ठ्यात. ज्यात आपण काही करू शकत नाही, दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलोय, तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात. मग दर महिन्याचे तक्ते-बिक्ते, मग कायमचे आदेश, मग रेकॉर्ड रूमला पाठवायचे, आणि शेवटचा गठ्ठा जाळायचा. साहेब तपासणीला आले की पहिलं टेबल बघायचे. माझं टेबल म्हणजे आरसा! तर हे मेलचं मला जमायला लागलं, तसं मी बघितलं की ह्यातही फोल्डर करता येतात. मग काय, आनंदच झाला. मी सहाच्या सहा गठ्ठे करून टाकले. हे बघा की — दिसतात ना डाव्या बाजूला? नाव इंग्रजीत लिहिलंय पण आहेत आपलेच. भाकरीची, बर्फाची पत्रं कायमच्या गठ्ठ्यात. विजेच्या, पगाराच्या चौकशीची — माझ्या एका मित्राच्या पोराची येतात — ती प्रलंबितमध्ये. यशोधराला मी कळवलं तसं, तर तिनं काय लिहिलं माहितीय? बाबा, मी कुठल्या गठ्ठ्यात आहे? थट्टेखोर आहे लहानपणापासून.

हां, तर मग हे मशीन विचारायला लागलं. मधूनच एक चौकोन यायचा — जुनी पत्रं आर्काइव्ह करू का? होय, नाही. आर्काइव्ह म्हणजे काय, डिक्शनरी काढून बघितलं. दप्तरखाना! बघा म्हणलं, हे तर आपलंच खातं. ह्या मशीनच्या पोटात रेकॉर्ड रूम आहे आणि तिथं माझ्यासारखाच कुणीतरी बसलाय. होय म्हणलं. दर वेळी होय म्हणलं. कोण नाही म्हणेल? काम झालेला कागद टेबलावरून उठून रेकॉर्डला गेलाच पाहिजे. पण गोरक्षराव, रेकॉर्ड रूमला कागद गेला तर तो मागितल्यावर परत मिळतो ना? त्याची किल्ली असते ना कुणाकडं तरी? इथं रेकॉर्ड रूम कुठाय तेच दिसेना. सगळं उघडून बघितलं. फोल्डर उघडला, रिकामा. कचऱ्याचा डबा उघडला, रिकामा. फाइंड का काय ते असतं, त्यात पोरीचं नाव लिहिलं, तर ते टॉर्च फिरवतंय, टॉर्च फिरवतंय, आणि शेवटी म्हणतं — काही नाही. माझ्या पोरीच्या नावापुढं काही नाही! टाळकंच सरकलं माझं. तुमचा तो माणूस म्हणाला व्हायरस असेल, फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हणलं, ऊठ. ऊठ इथून. रेकॉर्ड रूममध्ये एक फाइल सापडेना म्हणून खोलीला काडी लावतो का कुणी?

आणि हल्ली तर ज्याला-त्याला एकच सुचतं — दोन हजार साल लागलं की सगळी मशीनं बसणार आहेत काका, कशाला एवढा जीव काढता? बसू देत की! मला दोन हजारचं घेणंदेणं नाही. मला एक पत्र पाहिजे. एकच. बाकीची नंतर सापडली तरी चालतील. पण ते एक आज सापडलंच पाहिजे, कारण त्यात एक तारीख आहे, आणि ती मला आठवत नाही. चौदा, का एकवीस? का त्याच्या पुढचा शनिवार? शनिवार होता एवढं नक्की. — कसली तारीख? तारीख हो. एका कार्यक्रमाची. तुम्ही शोधा तर खरं.

काय विचारलंत? कुठल्या गठ्ठ्यात होतं? ... प्रतीक्षाधीन.

हो, मला माहितीय मी मघाशी काय म्हणालो. ज्यात आपण काही करू शकत नाही तो. बरोबरच आहे की! मी काय करणार होतो त्यात? पोरगी तिकडं, मी इकडं. तिनं लिहिलं, बाबा, मी लग्न करतेय. हळू बोलतो, आत ऐकू जाईल — कढईचा आवाज चालूय ना? हां. लग्न करतेय. मुलगा तिच्याच प्रयोगशाळेतला, मूळचा व्हिएतनामचा. आता बघा पंचाईत! मी विहाराच्या कमिटीचा इतकी वर्षं अध्यक्ष. कुणाच्याही मंगलपरिणयात उभा राहून भाषण करतो — जात सोडा, पोटजात सोडा, पोरांना पसंत पडेल तिथं करू द्या. टाळ्या घेतल्यात त्यावर. आणि वर तो मुलगा बौद्धच! पिढ्यान् पिढ्यांचा, आपल्याआधीचा. म्हणजे मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही पोरीनं. कायद्यात बसतंय, नियमात बसतंय, भाषणात बसतंय. सही करायची आणि कागद पुढं पाठवायचा, एवढंच. पण माझा हातच उठेना. तिनं लिहिलं होतं, बाबा, आईला तुम्ही सांगा. फोनवर मी नाही सांगणार, तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला बरं वाटेल. तुम्ही सांगितलं की मला कळवा, मग मी तिच्याशी बोलते.

मग? मग काय, पोच दिली मी. पत्र आलं की पोच द्यायची, हा नियम आहे, त्यात कसूर नाही केली. ते मजकूर साठवून ठेवायची सोय असते ना ह्यात, एक टिचकी मारली की आपोआप खाली उमटतो — तो करून ठेवलाय मी. तुझं पत्र मिळालं, वाचलं, इकडं सगळे ठीक, प्रकृतीला जप. तेवढं पाठवलं. तिनं परत लिहिलं — आईला सांगितलं का? परत पोच. परत लिहिलं — तारीख ठरतेय बाबा, सांगितलं का? परत पोच. हसू नका. हसत नाही? बरं. अहो, ऑफिसात असंच असतं, काही कागद असे असतात की त्यांच्यावर हो लिहिता येत नाही आणि नाहीही लिहिता येत नाही. ते प्रतीक्षाधीनमध्ये ठेवायचे. कधी अर्जदारच येईनासा होतो, कधी साहेब बदलतो, कागद आपोआप थंड पडतो. मला वाटलं — काय वाटलं कुणास ठाऊक. वाटलं, तिचाच विचार बदलेल. नाहीतर मला काहीतरी सुचेल.

आणि लंकाबाईला काय सांगायचो? सांगायचो की, वाचून दाखवायचो. फक्त साहेबापुढं टिपण ठेवतात तसं — सारांश. बर्फ पडतंय. तब्येत बरी आहे. तुझी आठवण काढलीय. ते खोटं नव्हतं, पत्रात असायचंच ते. मधल्या ओळी गाळायचो, एवढंच. पण ही बाई — अक्षर ओळखू येत नाही तिला, पण माझा आवाज ओळखते ना. एकदा म्हणाली, हल्ली पत्रं लई तोकडी येत्यात पोरीची. मी म्हणलं, अभ्यास असतो. ती स्क्रीनकडं बघत राहिली. पडदाभर मजकूर, आणि मी चार वाक्यांत उरकलेलं. मग मी ती पत्रं प्रतीक्षाधीनमध्ये टाकायला लागलो, आल्या आल्या. टेबलावर नकोच. सकाळी मशीन उघडलं की पहिलं तिचं नाव.

आणि मग बंदच झाली. पत्रं. एकदम. तारखेचं पत्र आलं आणि त्यानंतर एकही नाही. दर दोन-तीन दिवसांनी मशीनला फोनची लाइन लावतो, ते किर्र होतं, आत येतं काय, तर तुमच्या दुकानाची जाहिरात. पोरीचं नाही. रुसली. चिडली असेल बापावर, बरोबर आहे तिचं. घरी फोन पण करत नाही. रोज दिवेलागण झाली की लंकाबाई त्या दारात येऊन उभी राहते — तिथं, चौकटीला टेकून — आणि विचारते, आलं का? मी म्हणतो, नाही आलं. दुसऱ्या दिवशी परत, आलं का? नाही आलं. आधी जवळ येऊन बसायची, आता बसत नाही. उत्तर ऐकते, आणि थोडा वेळ तशीच उभी राहते. काहीतरी बोलेल असं वाटतं. मग जाते. जेवणात मीठ कमी-जास्त सांगण्यापुरतंच बोलणं उरलंय आमच्यात. तिला वाटतंय की मीच काहीतरी बोललो पोरीला आणि पोरगी तुटली. तुम्ही तिला नीट सांगाल का जाताना, की मशीनचा दोष आहे म्हणून? माझं नाही ऐकायची, तुमचं ऐकेल.

— फोन का नाही केला? सगळे हेच विचारतील म्हणूनच मी कुणाला सांगत नाही. काय विचारू फोनवर? तुझं लग्न कधी आहे गं? बापानं विचारायचं हे? तारीख कळवूनसुद्धा? म्हणजे मी ते पत्र नीट वाचलंसुद्धा नाही, असंच वाटेल ना तिला. अहो वाचलं होतं! एकदाच वाचलं, घाईघाईनं, डोळ्यांपुढं अक्षर ठरेना, आणि गठ्ठ्यात टाकून दिलं. म्हणलं, तारीख लांब आहे. आणि आता ठरवलंय मी. मनाचा हिय्या केलाय. तारखेच्या आधी लंकाबाईला सांगायचं आणि त्या दिवशी दोघांनी फोनवर आशीर्वाद द्यायचा. निदान तिच्या आईचा आवाज तरी कानावर पडेल ना त्या दिवशी. पण त्यासाठी दिवस तर कळायला पाहिजे, आणि तो ह्या डबड्याच्या पोटात आहे. म्हणून तुमच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या मी.

काय सापडलं? — रूल? कसला रूल? दाखवा. ... हो, हे मी केलं होतं. हे यशोधराचं नाव, हे प्रतीक्षाधीन. तिची पत्रं रोज हातानं ओढून टाकायचा कंटाळा आला, तर ते मशीनच म्हणालं की मी टाकू का. मी म्हणलं टाक. पण मी त्याला सांगितलं होतं, आहेत ती हलव. पुढची येणारी पण हलव, असं कुठं सांगितलं होतं? — तसाच असतो रूल? कायमचा? म्हणजे ती पत्रं — थांबा, थांबा. म्हणजे पोरीचं पत्र यायचं, आणि मला न दिसताच थेट ह्या गठ्ठ्यात जाऊन पडायचं? आणि मी त्या वरच्या इनबॉक्सच्या टोपलीत बघून म्हणायचो, नाही आलं? बरं, पण गठ्ठाही मी नंतर उघडून बघितला की! तारीख शोधायला. रिकामा होता. — हां, ही आणखी एक पाटी. ही पण मीच भरलीय, आठवतंय. विचारलं होतं, ह्या गठ्ठ्यातले कागद किती जुने झाले की दप्तरखान्यात पाठवू? मी सगळ्यात कमी जो आकडा होता तो टाकला. एक दिवस. का म्हणजे? टेबल स्वच्छ राहावं म्हणून. खरं सांगू? परत परत ते नाव दिसू नये म्हणून. आणि दर वेळी विचारत बसू नकोस, गुपचूप ने, तीही खूण केली. मीच. शाबास रे सहादू! एवढी चोख व्यवस्था ऑफिसातसुद्धा केली नव्हती. पत्र आलं की शिपाई दारातूनच उचलतो, गठ्ठ्यात बांधतो, दुसऱ्या दिवशी रेकॉर्डला पोचवतो, आणि साहेब आपले टेबलापाशी बसून म्हणतात, नाही आलं, नाही आलं.

म्हणजे मशीननं काहीच केलं नाही. मी सांगितलं तेच केलं त्यानं.

मला तर राग काढायला पण कुणी ठेवलं नाही हो. — आहेत? नक्की आहेत? कुठं? हे वेगळं कपाट आहे, ते असं बाहेरून आणून उघडावं लागतं? उघडा. उघडा की, माझ्याकडं काय बघताय? किल्ली तुमच्या हातात आहे. ... आलं. आर्काइव्ह फोल्डर्स. त्याच्याखाली माझेच सहा गठ्ठे, जसेच्या तसे. प्रतीक्षाधीन. टिचकी मारा. — अरे बापरे. एवढी? यशोधरा, यशोधरा, यशोधरा, यशोधरा. वरची सगळी काळी, ठळक. ठळक म्हणजे न वाचलेली ना? पोरगी थांबलीच नव्हती. ती लिहीतच होती. आणि मी ह्या चौकटीत उभ्या असलेल्या बाईला रोज सांगत होतो — नाही आलं. चष्मा कुठं गेला माझा, पुसतो जरा. नाही, काही नाही, रव्याचा धूर आलाय डोळ्यात.

तुम्हाला सांगू का, गोरक्षराव, मुलाचं काही नाही. मुलगा कसाही असता तरी चाललं असतं. पण तिकडं लग्न केलं म्हणजे ती आता परत येत नाही. तेवढंच आहे. शिकून येईन म्हणाली होती. इथल्या मातीवर काम करायचंय म्हणाली होती. आम्ही दोघं आपले तिच्या परतीच्या हिशेबानं जगत होतो, की येईल, दोन वर्षांनी येईल. मी हो लिहिलं असतं तर ती गेली असती. मी काहीच नाही लिहिलं, म्हणजे ती अजून जायचीच होती. असं धरून चाललो होतो मी. वेड्यासारखं. लंकाबाईला सोसायचं नाही म्हणून सांगितलं नाही, असं स्वतःला म्हणत होतो. तिचं नाव पुढं करत होतो. मलाच सोसत नाही.

असो. तारीख बघा. ते ठळक नावांखालचं पहिलं नको, ते वाचलेलं — नाही, तेच पाहिजे. तेच उघडा. थोडं खाली घ्या. आणखी खाली. हां — शनिवार. शनिवार, तारीख —

आज कितवी?

म्हणजे काल. काल झालं.

काल संध्याकाळी मी काय करत होतो? इथंच बसलो होतो. ह्या मशीनच्या मागची धूळ फडक्यानं पुसत होतो, म्हणलं, उद्या गोरक्षराव येतील, त्यांना स्वच्छ मिळावं. लंकाबाई दारात आली, आलं का म्हणाली. मी म्हणलं, नाही आलं. काल ती जरा जास्तच वेळ उभी राहिली होती. आता काय सांगू हिला? गोरक्षराव, तुम्हीच सांगा, आता मी आत जाऊन काय —

ये. ये लंका. चहा ठेव इथं. हे गोरक्षराव, दुकानातून आलेत, मशीन — लाडू? बरं, बशी त्यांच्या हातात दे. घ्या हो, संकोच करू नका. कशाबद्दल म्हणजे, सकाळपासून करतेय ती, असंच — काय म्हणालीस?

काय म्हणालीस तू त्यांना? ... कुणाचं लग्न झालं?

तुला कुणी — कुठला फोन? आपल्या घरी तर तिचा फोन आलाच नाही — विहाराच्या कोपऱ्यावरच्या बूथवर? यशोधराचा? दर रविवारी? म्हणजे वंदना झाली की तू तिथं जाऊन... म्हणून उशीर. आणि आज सकाळी पण बोललीस. तिनं सांगितलं झालं म्हणून. जावई पण बोलला? त्याला मराठी कुठलं येतंय? ... जयभीम म्हणाला. बरं. बरं.

मग तुला कधीपासून ठाऊक आहे हे? पहिल्यापासून? माझ्या आधी? ... माझ्यानंतर लगेच. पत्रं तोकडी वाटली म्हणून तूच खोदून विचारलंस तिला. मग रोज संध्याकाळी ह्या दारात उभी राहून मला कशाला विचारायचीस — आलं का, आलं का? तुला तर ठाऊक होतं की ती लिहितेय. तुला ठाऊक होतं सगळं. मग विचारायचीस कशाला लंका? ...

पत्राचं विचारतच नव्हतीस तू.

रोज उभी राहत होतीस, मी सांगेन म्हणून. कालसुद्धा. काल तर — एवढा वेळ उभी होतीस काल.

मला लाडू? नाही? सगळे त्यांनाच? ... कधी मग? — तिला लिहिल्यावर. बरं. बरोबर आहे. पोच नव्हे, उत्तर. हो, कळलं मला.

गोरक्षराव, तुम्ही उठू नका घाईनं, बशीतलं संपवा. छान झालेत ना? तिचे चांगलेच होतात. रूल तेवढा काढून टाका, तो आणि ती एक दिवसाची पाटी, दोन्ही. आणि एक सांगा — हसू नका, खरंच माहीत नाही मला, तिच्या पत्राखाली दोन ओळी आणि तो पोचेचा मजकूर सोडून दुसरं काही मी ह्यात कधी लिहिलंच नाही — नवीन पत्र लिहायचं, कोऱ्यापासून, तर कुठं टिचकी मारायची?

हां. ही. दिसली. या आता तुम्ही. दार लोटू नका जाताना, उघडंच राहू द्या, तिला शेजारी लाडू वाटायला जायचंय.